सूची आणि संग्रह : प्रतिरूप भांडारांच्या यादीचा प्रश्न

शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा पहिला भाग १९४४ साली प्रसिद्ध झाला, त्यात १८०० ते १९३७ ह्या काळातील मुद्रित ग्रंथांची नोंद आहे. १९६१ साली निघालेला दुसरा भाग १९३८ ते १९५० ह्या वर्षांपुरता आहे. आधीची मोजदाद पुन्हा न करता जेवढी भर पडली तेवढीच नोंदवावयाची, हे ह्या योजनेचे तत्त्व होय. एकाच फाइल-भांडाराची प्रतिरूपे अनेक सर्व्हरांवर ठेवली असता त्यांची यादी करण्याचे कार्यक्षम तत्त्वही मुळात हेच आहे.

रूढ पद्धत मात्र निराळी. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांचा १९९६ मधील ‘आरसिंक’ हा प्रोग्रॅम दोन्ही टोकांच्या डिरेक्टऱ्या धुंडाळून प्रत्येक फाइलचे आकारमान व बदलाची वेळ ताडतो. दहा लाख फाइलींपैकी दहाच बदलल्या असल्या, तरी चौकशी दहा लाखांची होते. शिवाय प्रतिरूपे शंभर असल्यास मूळ सर्व्हरवर तो भार शंभरदा पडतो. म्हणून मूळ ठिकाणी यादी एकदाच सिद्ध करून प्रतिरूपांनी ती आपल्याजवळच्या मागील यादीशी ताडावी, हा फेडोराच्या भांडारांसाठी योजिलेला मार्ग सरस ठरतो. डेबियनच्या प्रतिरूपांत आणखी एक विवेक आढळतो : तेथे नव्या फाइली आधी उतरविल्या जातात, सूची मागाहून. त्यामुळे जे अद्याप आलेले नाही त्याचे आश्वासन सूची देत नाही.

तथापि ह्या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट आहे. भर नोंदविणाऱ्या सूचीस क्षय दिसत नाही. १८६९ साली स्थापन झालेल्या सांगलीच्या नगर वाचनालयातील हजारो ग्रंथ ऑगस्ट २०१९ च्या महापुरात भिजून नष्ट झाले. परंतु अशा ग्रंथाची छापील सूचीतील नोंद पूर्वीसारखीच राहते. फाइलींचेही तसेच आहे. चकतीवरील मजकूर बिघडला, तरी आकारमान व वेळ पूर्ववत राहू शकतात आणि यादी निर्दोष दिसते. मजकुरावरून काढलेला पडताळा-अंक यादीत नोंदवून ठराविक काळाने प्रत्येक फाइल वाचून तो ताडल्याखेरीज हा दोष उघड होत नाही. हे काम संथ आहे. पण वेगाच्या लोभाने ते वगळणे म्हणजे सूचीलाच संग्रह मानणे होय.

सातारा व सांगली येथील ग्रंथालयांनी दुर्मिळ ग्रंथांची अंकीय प्रतिरूपे परस्परांकडे ठेवावयाचे योजिल्यास हा विचार उपयोगी पडेल. सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, कृष्णाकाठच्या सांगलीपेक्षा पुष्कळ उंचावर आहे. एकच पूर दोन्ही प्रती नेण्याचा संभव कमी. नित्याची यादी बदलांपुरती असावी, वर्षातून निदान एकदा सर्व मजकुराचा पडताळा व्हावा आणि प्रत्येक ठिकाणची सूची दुसऱ्या ठिकाणीही असावी. सांगलीत काय गेले हे सांगणारी यादी साताऱ्यास सुरक्षित असेल, तरच गेलेले पुन्हा मिळविता येईल.