चित्रकथीचे पुनरुज्जीवन : चित्र आणि कथन यांच्या संबंधाचा प्रश्न

लोककलांच्या संदर्भात ‘पुनरुज्जीवन’ ही संज्ञा आपल्याकडे फारशी चिकित्सा न करता वापरली जाते. लोप पावत चाललेली चित्रशैली एखाद्या चित्रकाराने हाती घेतली, तिच्या रेषेचे व रंगांचे संकेत आत्मसात करून नवी चित्रे काढली, की ती कला पुन्हा जिवंत झाली असे मानण्यात येते. कलेचे सत्त्व शैलीत असते आणि शैली ही चित्रवस्तूत पूर्णपणे सामावलेली असते, असे गृहीत या समजुतीमागे आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळील पिंगुळी येथील ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आणि परशुराम विश्राम गंगावणे यांनी तिच्यासाठी केलेले कार्य यांच्या आधारे हे गृहीत तपासून पाहता येते.

चित्रकथी ही संज्ञा कलेला आणि ती सादर करणाऱ्याला, दोघांनाही लावली जाते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथातही आढळतो. पिंगुळीच्या परंपरेत एका आख्यानाच्या सुट्या चित्रांच्या संचाला ‘पोथी’ म्हणतात. रामायण-महाभारतातील वा पुराणातील आख्यान वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीने गायिले जाते, त्याचे निरूपण होते, आणि कथेच्या ओघाबरोबर एकेक चित्र श्रोत्यांपुढे येते. पोथी या शब्दाचा हा वापर केवळ अलंकारिक नव्हे. येथे चित्रांची चळत ही संहितेचा एक भाग आहे. तिचा उरलेला भाग कथेकऱ्याच्या मुखात असतो.

चित्रांच्या रचनेतही याची खूण सापडते. आकृती बहुधा एका बाजूने दाखविलेल्या, परस्परांसमोर उभ्या, मोठ्या डोळ्यांच्या असतात. पार्श्वभूमी बरीचशी मोकळी असते. खोलीचा आभास निर्माण करण्याची धडपड तीत नाही. कोण कोणाशी बोलत आहे, हे चित्र सांगते. काय बोलत आहे, ते सांगत नाही. क्रोध, विनवणी, कपट यांतील भेद चेहऱ्यावर फारसा उमटत नाही, कारण तो कथेकऱ्याच्या आवाजाने भरावयाचा असतो. ज्याला चित्रकलेच्या निकषावर अभिव्यक्तीचे दारिद्र्य म्हटले जाईल, ते प्रयोगाच्या निकषावर कथनासाठी मोकळी ठेवलेली जागा ठरते. म्हणून चित्रकथीतील एकच पान चौकटीत बसवून भिंतीवर लावले, तर आपण चित्र जपतो. परंतु वाक्यातून वेगळे काढलेल्या पदासारखी त्याची अवस्था होते.

येथे दोन तुलना उपयुक्त ठरतील. पहिली शेजारच्याच सावंतवाडीची. तेथील गंजिफा या गोल, रंगविलेल्या पत्त्यांची कला १९७०च्या दशकात शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून शिकून सावरली. दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते पुन्हा तयार होऊ लागले, ही मोठीच कामगिरी. मात्र त्यांनी खेळण्याची सवय त्यांच्याबरोबर समाजात परतली नाही. दुसरी तुलना मंगोलियाची. बौद्ध पटचित्रांशी नाते असलेली ‘झुराग’ ही तेथील शैली १९९०नंतरच्या राजकीय परिवर्तनात राष्ट्रीय अस्मितेची खूण म्हणून नव्याने पुढे आली, आणि उरीन्तुया दाग्वासांबू यांच्यासारख्या चित्रकर्तीने तीत आजच्या स्त्रीचे जीवन आणले. हे स्थलांतर तुलनेने सुलभ झाले, कारण शारव यांचे विसाव्या शतकाच्या आरंभीचे ‘मंगोलियातील एक दिवस’ हे विख्यात चित्र पाहिले तरी ध्यानात येते की, अनेक प्रसंग एकाच पटावर मांडून ते आपली कथा स्वतःच सांगते. चित्रकथीला ही स्वयंपूर्णता उपलब्ध नाही.

गंगावणे यांच्या कार्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ठरवावे लागते. त्यांनी २००६मध्ये घरच्या गोठ्याचे रूपांतर करून ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभे केले. २०२१मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या नोंदींपेक्षा अधिक मोलाची बाब अशी की, त्यांनी चित्रांबरोबर वाद्ये, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि मुख्य म्हणजे सादरीकरण एकत्र ठेवले, आणि ते पुढच्या पिढीच्या हाती दिले. संग्रहालय आणि कथेकऱ्याचे अंगण एकाच ठिकाणी असणे, हा चित्र आणि कथन यांचा संबंध तुटू न देण्याचा प्रयत्न आहे.

तथापि, त्यामुळे प्रश्न संपत नाही. संस्थानाचा आश्रय आणि देवळातील नेमलेली सेवा यांनी घडविलेला श्रोता आज पांगला आहे. उपजीविकेसाठी कोकणातून पिंपरी-चिंचवडला आलेल्या आणि काळेवाडीसारख्या वस्तीत स्थिरावलेल्या कुटुंबातील मुलाची कल्पना करावी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथी त्याच्यासमोर येते, ती काचेआड आणि मूकपणे. आजोबांना ठाऊक असलेले आख्यान त्याला ठाऊक नसेल, तर समोरासमोर उभ्या असलेल्या त्या दोन आकृती त्याच्यापुरत्या केवळ नक्षी होतात. पूर्वीचा श्रोता कथा जाणून येत असे आणि ती कशी सांगितली जाते हे पाहत असे. नव्या प्रेक्षकाला कथाच प्रथम सांगावी लागते, तीही थोडक्या वेळात; आणि आख्यान आखडले की निरूपणातील स्थानिक विनोद, विषयांतरे, बोलीचा रंग प्रथम गळतो.

या हानीची जबाबदारी एकट्या कलावंतावर टाकणे अन्यायाचे होईल. मराठी साहित्याच्या इतिहासलेखनाने लिखित संहितेलाच साहित्य मानल्यामुळे चित्रकथी चित्रकलेच्या खात्यात गेली, आणि चित्रकलेच्या अभ्यासाने तिच्यातील रेषा तेवढी पाहिली. पिंगुळीच्या पोथ्यांतील चित्रांइतकेच त्यांच्यासोबत गायिल्या जाणाऱ्या निरूपणाचे पाठ, पाठभेदांसह, चित्रक्रमाशी जुळवून नोंदविणे, हे म्हणूनच मराठीच्या अभ्यासकांचे काम ठरते. गंगावणे कुटुंबाने आपल्या वाट्याचे काम पिंगुळीच्या अंगणात चालू ठेवले आहे. ते निरूपण ऐकावयास मिळते आहे, तोवरच ही नोंद होऊ शकेल.