‘रहमान’ नामाची व्युत्पत्ती आणि मराठी प्रतिशब्दांची मर्यादा

पवित्र कुरआनमधील ११४ सूरहांपैकी ‘तौबा’ वगळता ११३ सूरहांच्या आरंभी ‘बिस्मिल्लाह’ येते. त्यातील ‘रहमान’ व ‘रहीम’ या नामांसाठी मराठीत ‘कृपाळू’, ‘दयाळू’ असे प्रतिशब्द योजले जातात. ते चुकीचे नाहीत. परंतु मूळ शब्दांमधील नाते त्यांत उतरत नाही.

दोन्ही नामांचा धातू एकच आहे : र-ह-म. याच धातूपासून ‘रहिम’ (ऱ्हस्व ‘हि’), म्हणजे गर्भाशय, हा शब्द आला आणि रक्ताच्या नात्यालाही तोच लागू झाला. हिब्रू भाषेतही ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय आणि ‘रहामीम’ म्हणजे करुणा. ‘रहमान’च्या रचनेत ओतप्रोतपणाचा, तर ‘रहीम’च्या रचनेत गुणाच्या स्थायित्वाचा भाव आहे. ‘कृपाळू-दयाळू’ या जोडीत हा भेद पुसला जातो.

‘वत्सल’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो. ‘वत्स’ म्हणजे वासरू; गाय-वासराच्या नात्यातून ‘वात्सल्य’ आले. परंतु येथे सावधगिरी हवी. अल्लाह कोणाचा जन्मदाता नाही, हे ‘इख्लास’ सूरहने स्पष्ट केले आहे. इमाम रागिब इस्फहानी यांनीही ‘अल-मुफ्रदात’मध्ये हा भेद केला आहे : माणसाच्या दयेत मनाचे द्रवणे आणि उपकार दोन्ही असतात, अल्लाहच्या संदर्भात केवळ उपकाराचा अर्थ घ्यायचा. म्हणून व्युत्पत्तीवरून थेट आईची उपमा देणारी प्रवचने श्रोत्यांना भावली, तरी अर्धाच अर्थ सांगतात.

उरलेला अर्थ तिर्मिजी व अबू दाऊद यांच्या संग्रहांतील एका हदीसमध्ये मिळतो. भाषाशास्त्र गर्भाशयाकडून करुणेकडे जाते. हदीसची दिशा उलटी आहे. तिच्या आशयानुसार अल्लाहने ‘रहिम’चे नाव स्वतःच्या ‘रहमान’ या नामातून काढले. जो हे नाते जोडील त्याला अल्लाह जोडील, तोडील त्याला तोडील. म्हणजे आईच्या मायेवरून अल्लाहची रहमत मोजायची नाही. त्या रहमतीचा एक अंश म्हणून आईची माया ओळखायची.

‘सिला-ए-रहमी’ ही संज्ञा येथूनच अर्थपूर्ण होते. ‘निसा’ सूरहच्या पहिल्याच आयतीत अल्लाहचे भय बाळगण्याबरोबर ‘अरहाम’चा, म्हणजे नात्यांचा, उल्लेख येतो आणि पुढे अकराव्या आयतीत मुलीचा वारसाहक्क निश्चित होतो. प्रत्येक कामाआधी ‘बिस्मिल्लाह’ म्हणायचे आणि बहिणीकडून मात्र गोडीगुलाबीने हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, यातील विसंगती व्युत्पत्तीच उघड करते. जे नाम जिभेवर आहे, त्याच नामातून निघालेले नाते कागदावर तोडले जाते.

म्हणून अनुवादात ‘रहमान’, ‘रहीम’ हे शब्द तसेच ठेवून त्यांचे विवरण देणे अधिक उचित ठरेल. केवळ प्रतिशब्द दिल्याने अर्थ कळल्याचे समाधान मिळते. धातूची ओळख झाली की जबाबदारीही कळते.