मृच्छकटिकातील प्राकृत आणि छायेवरचे वाचन

शूद्रकाच्या मृच्छकटिकाच्या छापील आवृत्त्यांत प्राकृत संवादांबरोबर त्यांची संस्कृत छायाही दिलेली असते. अभ्यासक अर्थासाठी छायेकडे वळतो, आणि पुढे पुढे केवळ छायाच वाचू लागतो. छाया हे अर्थग्रहणाचे साधन आहे. ती नाटकाची संहिता नव्हे. हा भेद विसरला गेला, की नाटककाराने भाषेच्या द्वारा जे साधले आहे नेमके तेच हातचे जाते.

प्रस्तावनेत सूत्रधार संस्कृत सोडून प्राकृत बोलू लागतो, आणि कार्य व प्रयोग यांसाठी आपण तसे करीत असल्याचे सांगतो. भाषा बदलणे हीही एक नाट्यक्रिया आहे, याची सूचना येथे आरंभीच मिळते. तिसऱ्या अंकात मैत्रेय स्त्रीच्या संस्कृत पठणाची थट्टा करतो. पाचव्या अंकात, एरवी प्राकृत बोलणारी वसंतसेना भर पावसात चारुदत्ताकडे जाताना संस्कृत श्लोक म्हणते. या दोन प्रसंगांतील संबंध विचार करण्याजोगा आहे. परंतु छायेत तिचे सारेच बोलणे संस्कृत झालेले असल्यामुळे हे स्थित्यंतर लक्षातही येत नाही.

शकाराच्या बाबतीत होणारी हानी याहून मोठी आहे. त्याच्या तोंडी दंत्य सकाराऐवजी तालव्य शकार आणि रेफाऐवजी लकार येतो. चारुदत्ताचा तो 'चालुदत्त' करतो. छाया हे सर्व उच्चार शुद्ध करून टाकते. उलट, ज्यांचे लक्ष या उच्चारांकडे जाते ते पुष्कळदा त्यांतच शकाराचे हास्यास्पदत्व शोधतात. तेही बरोबर नाही. हाच शकार आणि हाच लकार स्थावरक चेटाच्या, बौद्ध भिक्षूच्या आणि चांडाळांच्या भाषेतही आहे. आठव्या अंकात स्थावरक परलोकाच्या भयाने वसंतसेनेच्या वधास नकार देतो आणि मार खातो; भिक्षू तिचे प्राण वाचवतो. म्हणजे हे उच्चार नीचत्वाचे लक्षण नव्हेत. शकार हास्यास्पद ठरतो तो हनुमंताने सुभद्रेला धरल्याचे दाखले देणाऱ्या त्याच्या अर्धवट विद्येमुळे, आणि भयंकर ठरतो तो त्याच्या कृतीमुळे. धनी आणि सेवक यांचे उच्चार सारखे ठेवून शूद्रकाने त्यांच्या शीलातील अंतर अधिकच ठळक केले आहे.

पृथ्वीधराने आपल्या टीकेत या नाटकात 4 प्राकृते आणि 3 अपभ्रंश सांगून कोणते पात्र काय बोलते याची विभागणी केली आहे. ती उपयुक्त आहे. पण ती पाठ केल्याने भाषेचा अभ्यास पुरा होत नाही. कोणते पात्र कोणती भाषा बोलते, या प्रश्नानंतर ते ती कोणाशी आणि कोणत्या प्रसंगी बोलते, आणि केव्हा सोडते, हे प्रश्न उभे राहतात. त्यांची उत्तरे मूळ प्राकृतातच शोधावी लागतात. छायेने अर्थ उलगडावा, आणि अभ्यासकाने पुन्हा मूळ ओळीकडे परतावे, हाच वाचनाचा योग्य क्रम होय.