मोरोपंतांना हसण्याआधी

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना गॅदरिंगमध्ये मी मोरोपंतांची नक्कल केली होती. डोक्यावर आईच्या साडीची पगडी, खांद्यावर उपरणं आणि मेसच्या डाळीवर स्वतः जुळवलेली यमकं. हॉल डोक्यावर घेतला पोरांनी. बारामतीत वाढलेल्या पोराने बारामतीच्याच कवीची केलेली टिंगल म्हटल्यावर टाळ्या जरा जास्तच पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर एका मित्राच्या आजोबांनी मला बोलावलं. इंदापूर तालुक्यात मराठी शिकवून निवृत्त झालेले. म्हणाले, "मजा आली. मीही हसलो. पण मोरोपंत वाचलेत का रे तू?"

"शाळेत होते की, आजोबा."

"ते शाळेने शिकवले. तू वाचलेस का?"

मी हसून विषय बदलला. वाचले नव्हतेच. 'यमकं जुळवणारा पंडित कवी' एवढं एक वाक्य माझ्याकडे होतं, आणि तेही दुसऱ्या कुणाचं तरी.

आज मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, पुण्यात कोड लिहितो, आणि दिवसभरात जे काही वाचतो त्यातल्या बहुतेक गोष्टींबद्दल माझं मत त्या वाचून होण्याआधीच तयार असतं. 'एक नंबर', 'जबरी', 'बोअर आहे यार'. वाचणं आणि दाद देणं यांच्यामध्ये पूर्वी काही वेळ जात असावा. तो आता उरलेला नाही. कुणी काही पाठवलं तर पहिल्या दोन ओळींवर अंगठा उमटतो. म्हणून मी एक प्रयोग करायचं ठरवलं. ज्या कवीला न वाचता हसलो, तो कवी वाचायचा, आणि वाचताना आपण प्रतिसाद कसा देतो याच्यावरही लक्ष ठेवायचं.

मोरोपंत पराडकर १७२९ साली पन्हाळ्याला जन्मले आणि १७९४ साली बारामतीत वारले. मधली बरीच वर्षं त्यांनी बारामतीला बाबूजी नाईकांच्या आश्रयाने काढली. कऱ्हेकाठचा नाईकांचा वाडा आजही आहे. माझ्यासारखे किती जण त्याच्यासमोरून एसटी पकडायला धावले असतील. वाड्यात पुराण सांगायचं आणि घरी बसून कविता रचायची, असा त्यांचा क्रम. सगळं महाभारत त्यांनी आर्यांमध्ये उतरवलं. शिवाय त्यांनी एकशेआठ रामायणं रचली, असं परंपरा सांगते.

एकशेआठ! हा आकडा ऐकला की माझ्यासारख्याच्या डोक्यात पहिला विचार येतो तो 'कॉपी-पेस्ट'चा. पण ही रामायणं एकमेकांच्या नकला नाहीत. बऱ्याच रामायणांना पंतांनी स्वतःवर घालून घेतलेली एखादी अट आहे. मंत्ररामायणात रामाच्या तेरा अक्षरी मंत्राची अक्षरं गुंफली आहेत. आणि निरोष्ठ रामायणात अट अशी, की ओठांनी उच्चारायचं अक्षरच वापरायचं नाही.

ही अट काय आहे ते कळायला फोन क्षणभर बाजूला ठेवा आणि 'प, फ, ब, भ, म' म्हणून पाहा. प्रत्येक वेळी ओठ मिटतात. ही पाच अक्षरं बाद. आता रामकथा सांगा. 'राम' म्हणता येणार नाही, कारण 'म' आहे. लक्ष्मण, भरत, मारुती, बिभीषण, सगळे बाद. 'जानकीपती' म्हणायला जावं तर 'प' आडवा येतो. 'रघुनाथ'मधला उकारही व्याकरणाच्या हिशेबाने ओष्ठ्यच. 'दाशरथी' मात्र चालतो. म्हणजे ज्या कथेचा सगळा महिमा नामात आहे, तीच कथा ते नाम न घेता सांगायची.

हे कळलं त्या रात्री मी दोन-तीन मित्रांना फोन केले. 'भारी आहे रे हा माणूस!' माझी प्रतिक्रिया टिंगलीवरून थेट कौतुकावर गेली होती. दुसऱ्या दिवशी डोकं थंड झाल्यावर लक्षात आलं, की मी अजूनही काही वाचलेलं नव्हतं. पहिल्यांदा यमकाला हसलो, आता अटीला टाळी दिली. कविता दोन्ही वेळा तशीच पडून होती.

मग मी आणखी एक इंजिनिअरी उद्योग केला. पंतांची आर्या म्हणून आपण जी ओळखतो ती बहुतेकदा गीती असते: पहिल्या ओळीत १२ आणि १८ मात्रा, दुसऱ्या ओळीत पुन्हा १२ आणि १८. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. पुढे जोडाक्षर आलं आणि त्याचा आघात पडला, तर मागचं लघु अक्षरही गुरू होतं. नियम इतके स्वच्छ आहेत की पायथनमध्ये शंभरेक ओळींत काम झालं. पंतांच्या काही आर्या टाईप करून प्रोग्रॅमला दिल्या. तीस, तीस. तीस, तीस. एका ठिकाणी एकोणतीस आलं. तपासलं तर टाईप करताना माझाच एक अनुस्वार सुटला होता. पंतांचं गणित चोख होतं.

पण प्रोग्रॅमने आर्या 'वाचल्या' असं मी म्हणणार नाही. त्याने त्या तपासल्या. आपल्यातले अर्धे समीक्षक हेच करतात, वृत्त बरोबर, अलंकार अमुक, पुढची आर्या. आणि गॅदरिंगमधला मी तर तेवढंही केलं नव्हतं.

वाचन कुठे सुरू झालं ते सांगतो. एका रविवारी मी त्या आर्या मोठ्याने म्हटल्या. पहिल्या ओळीच्या शेवटी एक ध्वनी येतो, आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी तो परत येणार हे कानाला आधीच कळतं. फक्त तो कोणत्या शब्दात येणार ते माहीत नसतं. त्या मधल्या तीस मात्रा आपण किंचित पुढे झुकून ऐकतो. छापील पानावर डोळा आधीच खाली जाऊन यमक बघून येतो, म्हणून ते यांत्रिक वाटतं. कानाला ते कोड्यासारखं असतं. ही कविता पुराणाला, कीर्तनाला जमलेल्या माणसांसाठी होती, ज्यांच्या हातात पोथी नव्हती. यमक हा तिथे दागिना कमी आणि श्रोत्याला दिलेला हात जास्त. श्रोता मनात शब्द जुळवू लागतो, पंत वेगळाच शब्द आणतात, आणि तोंडातून 'वा!' निघतं. ही दाद ऐकणं पूर्ण झाल्यावर येते.

हे ज्यांना नेमकं कळलं होतं त्यांत सोलापूरचे शाहीर राम जोशी होते. लावणी गाजवलेला हा माणूस पुढे कीर्तनाकडे वळला आणि पंतांच्या आर्या त्याने गावोगावच्या श्रोत्यांपर्यंत नेल्या. १९४७च्या 'लोकशाहीर रामजोशी' या सिनेमामुळे त्यांचं नाव आपल्या आजोबांच्या पिढीलाही चांगलं ठाऊक होतं. फडावरच्या माणसाने पंडिताची कविता उचलावी, हा मला मराठीतला सर्वांत सुंदर वाचक-प्रतिसाद वाटतो. त्यांनी पंतांबद्दल मत देऊन विषय संपवला नाही, पंतांना स्वतःच्या आवाजात पुढे नेलं.

मग छपाई आली. १८५४ साली परशुरामपंत गोडबोल्यांच्या 'नवनीत'मधून जुन्या कवींचे वेचे शाळकरी मुलांच्या हातात पडले. ऐकायची कविता डोळ्यांनी वाचायची झाली, आणि कृत्रिम, संस्कृताने जड झालेली, असे आक्षेप वाढले. त्यांना विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'तून उत्तर दिलं. चिपळूणकर पंतांच्या बाजूने होते आणि ते लपवतही नव्हते. त्यांचा पक्षपात मला मान्य नाही. पण आवडनिवड एका वाक्यात न उरकता त्यांनी एका कवीवर पानंच्या पानं लिहिली, वाचकाला कवितेसमोर बसवलं. त्यांच्याशी भांडायचं तर आपल्यालाही आधी तिथे बसावं लागतं.

मी बसलो, आणि माझं मत असं झालं. आक्षेप अगदीच खोटे नाहीत. पंतांच्या पुष्कळ आर्यांत कसरत दिसते आणि माणूस दिसत नाही. अन्वय लावता लावता दम लागतो; समास सोडवावा आणि आत नेहमीचंच काही निघावं, असं होतं. निरोष्ठ रामायणाबद्दल माझा मोह असा, की 'नाम न घेता नामाची ओढ' असा खोल अर्थ त्याला चिकटवावा. पण अटीतून सुचलेली ही कल्पना माझी आहे. कवीच्या नावावर ती खपवणं म्हणजे पुन्हा न वाचता दाद देणंच. अट कठीण आहे म्हणून कविता मोठी होत नाही. आमच्या धंद्यातही अवघड कोड आणि चांगला कोड यांत रोज गल्लत होते.

पण मग 'केकावली' आहे. पृथ्वी वृत्तातले १२१ श्लोक. केका म्हणजे मोराची हाक, आणि मयूर हे पंतांचंच नाव. मोर मेघाला हाका मारतो तसा हा म्हातारा देवाला हाका मारतो. पुराणांतले उद्धाराचे दाखले काढतो, वकिलासारखा युक्तिवाद करतो, रुसतो, पुन्हा पाय धरतो. सतरा अक्षरांचं अवघड वृत्त इथेही आहे, पण त्याच्याकडे लक्ष जात नाही, कारण बोलणाऱ्याला काहीतरी हवं आहे. एकशेवीसच्या वर हाका, आणि समोरून एकही अक्षर नाही. मेसेज पोचला की नाही हेही कळत नाही, तरी पुढचा श्लोक येतो. प्रतिसादाची वाट पाहणं हाच या कवितेचा विषय आहे. दादेवर जगणाऱ्या दरबारी काळात, आयुष्यभर 'वा' ऐकलेल्या कवीने ती लिहिली. श्रोत्यांची दाद मिळूनही त्याला जे उत्तर हवं होतं ते आलेलं नव्हतं.

यातला एक भाग तुम्हाला पाठ असण्याची शक्यता आहे. चांगली संगत मिळो, चांगले शब्द कानी पडोत, अशी मागणी करणारी जी प्रार्थना कित्येक शाळांत म्हटली जाते, ती 'केकावली'तली आहे. मीही ती वर्षानुवर्षं रांगेत उभं राहून म्हटली. गॅदरिंगमध्ये ज्याची टिंगल केली, त्याचेच शब्द शाळेत रोज माझ्या तोंडात होते.

आमच्या भागातून दर आषाढी वारीला तुकोबांची पालखी जाते. बारामती, काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर. तुकोबांना प्रतिसाद कसा द्यायचा हे कुणाला शिकवावं लागत नाही: टाळ घ्यायचा, अभंग म्हणायचा, चालायचं. पंतांच्या वाट्याला अशी वारी नाही, आणि त्याचं कारण त्यांच्या भाषेत आहेच. तुकोबांचा शब्द चालता चालता कळतो, पंतांसाठी थांबावं लागतं. थांबायची तयारी असलेला वाचक कुठल्याही काळात थोडाच असणार. भवभूतीने म्हणूनच काळ अनंत आहे आणि पृथ्वी मोठी आहे, कधीतरी कुणीतरी समानधर्मा जन्मेल, अशी आशा धरली होती.

मागच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा त्या आजोबांकडे गेलो. म्हटलं, "आजोबा, केकावली वाचली."

मला वाटलं, विचारतील, आवडली का. ते म्हणाले, "कुठे अडलास?"

मी फोनमध्ये ठेवलेले तीन श्लोक काढले. त्यांनी चष्मा लावला. पहिल्याच श्लोकापाशी आम्ही तासभर बसलो. दुसऱ्या श्लोकाला तेही अडले.