‘क्रिओल’ ही संज्ञा आणि गोंदियाची बहुभाषिकता

अनेक भाषा ज्या नगरात एकत्र नांदतात, त्याच्या संस्कृतीस ‘क्रिओल’ म्हणण्याकडे अलीकडे कल दिसतो. धानाच्या व्यापारावर आणि लोहमार्गावर वाढलेल्या गोंदियाचे उदाहरण या दृष्टीने मोहात पाडणारे आहे. तेथील बाजारात मराठी, हिंदी, पोवारी व छत्तीसगढी यांचा व्यवहार एकाच दुकानाच्या पायरीवर चालतो. तथापि सहवास म्हणजे क्रिओलीकरण नव्हे.

क्रिओल भाषेच्या मुळाशी भाषिक वारशातील खंड असतो. शब्द एका भाषेचे राहतात आणि व्याकरणाची घडण मात्र नव्याने होते. महाराष्ट्रात याचे निःसंदिग्ध उदाहरण रायगड जिल्ह्यातील कोर्लई हे होय. तेथील ख्रिस्ती समाजाच्या बोलीतील शब्द बहुतांशी पोर्तुगीज आहेत. परंतु क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते. १७४० मध्ये हा प्रदेश मराठ्यांकडे आल्यावर पोर्तुगीज सत्तेचा आधार तुटला. बोली मात्र टिकली. क्लेमंट्स यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात तिचा सविस्तर अभ्यास केला आहे.

गोंदियात असा खंड आढळत नाही. पोवारी घरात पोवारी आणि बाजारात हिंदी बोलणारा मनुष्य दोन भाषा जाणतो. त्यांची तिसरी भाषा करीत नाही. विचारार्ह उदाहरण आहे ते पूर्वेकडील हलबीचे. तिच्यात षष्ठीचा ‘चो’ मराठीशी नाते सांगतो, तर अनेकवचनाचा ‘मन’ छत्तीसगढीशी. मराठीतील चा-ची-चे हा लिंगभेद या ‘चो’ला नाही. बस्तरच्या बाजारांत ती दीर्घकाळ संपर्कभाषा राहिली आहे. म्हणून सरलीकरणाचा प्रश्न येथे रास्त ठरतो. पण त्याचे उत्तर प्रत्ययांच्या इतिहासातून शोधावे लागेल, केवळ मिश्रणाच्या दर्शनातून नव्हे.

साउथवर्थ यांनी १९७१ मध्ये खुद्द मराठीच्याच उगमाशी क्रिओलीकरणाचा संबंध जोडला. हा सिद्धान्त सर्वमान्य झाला नाही, तरी त्याने एक उपकार केला: ‘शुद्ध’ मराठी आणि ‘मिश्र’ बोली ही उतरंड त्याने डळमळीत केली. मात्र त्याच न्यायाने प्रत्येक संपर्कास क्रिओल म्हटले, तर कोर्लई आणि गोंदिया यांतील भेदच पुसला जाईल, आणि सर्वत्र लागू पडणारी संज्ञा काहीच सांगेनाशी होईल.

हा वाद केवळ नावाचा नाही. २०११ च्या जनगणनेत पोवारीची गणना हिंदीच्या पोटात झाली. हलबीला स्वतंत्र स्थान मिळाले. वर्गीकरणाची एक ओळ बोलीचे अस्तित्व दाखवते किंवा झाकते. ‘मिश्र’ म्हणजे ‘भ्रष्ट’ असा अर्थ शाळेत रुजला, की मूल घरची बोली बोलताना संकोचते आणि पुढील पिढीत ती थांबते. अभ्यासकाने संज्ञा वापरताना तिचा हा भार ओळखला पाहिजे. गोंदियास क्रिओल नगर म्हणण्यापूर्वी तेथील बोलींची व्याकरणे लिहिली जाणे अधिक अगत्याचे आहे.