वर्गाचा ब्लॉग : फलक की नोंदवही?

नवे साधन शाळेत आले की त्याच्याविषयी दोन टोकांची मते लगेच तयार होतात. एक गट म्हणतो, आता शिक्षणाचा कायापालट होणार. दुसरा म्हणतो, हे खेळणे आहे, चार दिवसांत धूळ खात पडेल. आकाशवाणी, दूरदर्शन, संगणक या सर्वांच्या वाट्याला हे आले. ब्लॉगही त्याला अपवाद नाही. 'वेबलॉग' हा शब्द १९९७ मध्ये रूढ झाला, १९९९ मध्ये त्याचे 'ब्लॉग' असे लघुरूप झाले आणि त्याच वर्षी कोणालाही फुकट ब्लॉग लिहिता येईल अशी सेवा सुरू झाली. आपल्याकडे जिल्हा परिषद शाळांमधील शिक्षकांनी तो मोठ्या उत्साहाने उचलला. विशेषतः २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाच्या आसपासच्या वर्षांत शिक्षकांचे आणि शाळांचे मराठी ब्लॉग खूप दिसू लागले.

या उत्साहाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. एका खेड्यातल्या शिक्षकाने तयार केलेला तक्ता दुसऱ्या जिल्ह्यातल्या शिक्षकाला त्याच दिवशी मिळू लागला, ही सोय लहान नव्हे. परंतु अध्यापनाचे साधन म्हणून या ब्लॉगांकडे पाहिले, तर एक गोष्ट खटकते. त्यांत शासननिर्णय असतात, वार्षिक नियोजन असते, मूल्यमापनासाठी तयार वर्णनात्मक नोंदी असतात, पाहुण्यांच्या स्वागताची छायाचित्रे असतात. मूल मात्र फक्त छायाचित्रात असते. त्याने काय पाहिले, त्याला काय प्रश्न पडला आणि पुढे त्या प्रश्नाचे काय झाले, हे क्वचितच वाचायला मिळते. तयार वर्णनात्मक नोंद ही तर मोठी विसंगती आहे. मुलाकडे नीट पाहून जी लिहायची, ती मुलाला न पाहताच उतरवून घेता येते!

म्हणजे हा ब्लॉग शाळेच्या प्रवेशद्वाराजवळच्या फलकासारखा झाला. शाळेला असा फलकही हवाच. पण विज्ञानाच्या वर्गाला हवी असते ती नोंदवही. या दोहोंतला फरक ध्यानात घेतला, तर ब्लॉग शिकवण्यासाठी केव्हा उपयोगी पडतो आणि केव्हा नाही, हे ठरवणे सोपे जाईल.

वाचकासाठी लिहिणे

मुलाने वहीत लिहिलेले सहसा एकच माणूस वाचतो, आणि तोही लाल शाई हातात घेऊन. त्यामुळे मूल 'बरोबर' लिहायला शिकते, 'कळेल असे' लिहायला शिकत नाही. फ्रान्समधील शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी ही अडचण शंभर वर्षांपूर्वी ओळखली होती. १९२४ च्या सुमारास बार-सुर-लू या गावातील आपल्या शाळेत त्यांनी छोटे छपाईयंत्र आणले. मुले परिसरात फिरून आल्यावर लिहीत, ते लेखन स्वतःच्या हातांनी छापत आणि दूरच्या ब्रिटनी प्रांतातील शाळेला पाठवत. तिकडची मुलेही आपल्या गावाविषयी लिहून पाठवत. आपले गाव कधीही न पाहिलेल्या वाचकाला ते समजावून सांगायचे, तर मुलाला आधी स्वतः नीट पाहावे लागते.

आपल्या शेजारचे उदाहरण मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचे. १९७२ मध्ये सोळा उच्च प्राथमिक शाळांत तो सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. त्यात 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुलांनी मनातले प्रश्न पत्राने सवालीरामला विचारायचे आणि त्याने उत्तर पाठवायचे. सवालीराम काल्पनिक असला, तरी त्याच्या नावाने येणारे उत्तर खरे असे. प्रश्न विचारला की कोणी तरी तो वाचतो आणि त्यावर विचार करतो, हा अनुभव मुलांना त्यातून मिळत होता.

छपाईयंत्र असो की पोस्टकार्ड, दोन्हींत तीन गोष्टी समान होत्या : मुलाचे स्वतःचे निरीक्षण, दूरचा पण खरा वाचक आणि त्याच्याकडून येणारे उत्तर. या तीन गोष्टी असतील, तर ब्लॉग हे फ्रेने यांच्या छपाईयंत्राचे स्वस्त आणि वेगवान रूप ठरते. त्या नसतील, तर ब्लॉगही फलकच राहतो.

नगर जिल्ह्याला साजेसा विषय

हे प्रत्यक्षात कसे करता येईल? आम्ही अहिल्यानगर जिल्ह्याचे, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्याचे, उदाहरण घेतो. याच जिल्ह्यात पश्चिमेला अकोले तालुक्यातील घाटघर परिसरात वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेकडचे पाथर्डी, जामखेड, कर्जत हे तालुके मात्र पर्जन्यछायेत येतात. तेथे पाच-सहाशे मिलिमीटर झाला, तरी वर्ष बरे गेले म्हणायचे. पाठ्यपुस्तकात 'पर्जन्यछाया' ही दोन ओळींची व्याख्या असते. अकोल्याची एक शाळा आणि जामखेडची एक शाळा यांनी जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपापल्या पावसाची रोजची नोंद एकमेकांना दाखवली, तर हीच व्याख्या चार महिन्यांचा अनुभव होईल.

साधन साधे आहे. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घ्यावी. वरचा निमुळता भाग कापून तो उलटा करून नरसाळ्यासारखा बसवावा. तळ सपाट नसतो, म्हणून त्यात खडे घालून ठरावीक खुणेपर्यंत पाणी भरावे आणि त्या खुणेला शून्य मानावे. बाटलीचे तोंड आणि बाजू यांचा व्यास सारखा असेल, तर शून्याच्या वर पाणी जितके मिलिमीटर चढेल तितका पाऊस. भारतीय हवामानशास्त्र विभाग सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा पाऊस नोंदवतो; आपणही तीच वेळ पाळावी. २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला, तरच तो 'पावसाचा दिवस' मानतात. दर सकाळी नोंद झाली, की पाणी पुन्हा शून्याच्या खुणेवर आणून ठेवावे.

आता दोन नोंदी पाहा. 'काल आमच्या गावी खूप पाऊस झाला. सर्वांना आनंद झाला.' ही पहिली. 'काल सकाळी साडेआठ ते आज सकाळी साडेआठ : २२ मिलिमीटर. ओढा वाहिला नाही.' ही दुसरी. पहिली कोणत्याही गावाची आणि कोणत्याही वर्षाची असू शकते. दुसरी एकाच गावाची, एकाच दिवसाची आहे. शिवाय तिच्यातून गणित निघते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचे पटांगण तीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद असेल, तर २२ मिलिमीटर पावसात त्यावर १३,२०० लिटर पाणी पडले. ते गेले कोठे? ओढा का वाहिला नाही? हा प्रश्न पुस्तकाने घातलेला नाही, मुलाच्या नोंदीतूनच तो उभा राहिला.

अशा आकड्यांना गावाच्या जीवनात केवढे वजन येऊ शकते, हे याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने दाखवले आहे. पोपटराव पवार १९८९ मध्ये तेथे सरपंच झाले. सुमारे ४०० मिलिमीटर पावसाच्या या गावाने पाणी अडवले, उसासारख्या तहानलेल्या पिकांना आणि शेतीसाठीच्या विंधनविहिरींना आवर घातला. पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून कोणती पिके घ्यायची हे ग्रामसभेत ठरवायचे, अशी रीत तेथे रुजली. पावसाचा आकडा तेथे परीक्षेपुरता राहिला नाही, तो निर्णयाचा आधार झाला. नगरच्या दुष्काळी पट्ट्यातील मुलाला लहान वयात मोजायची, लिहायची आणि लिहिलेले चारचौघांत मांडायची सवय लागली, तर उद्या ग्रामसभेत ते मूल केवळ हात वर करणारे राहणार नाही. विज्ञानशिक्षणाकडून आमची अपेक्षा याहून कमी नाही.

चूक दिसू द्यावी

ब्लॉगविषयी आमचा सर्वांत मोठा आक्षेप त्याच्या नीटनेटकेपणावर आहे. लेखन जगासमोर जाणार म्हटले, की शिक्षक ते स्वतःच सुधारतात. शुद्धलेखन तपासले जाते, वाक्ये गुळगुळीत होतात, आकडेही जुळवले जातात. शेवटी जे प्रसिद्ध होते, त्यात मूल उरत नाही.

समजा, तीन मुलांनी एकाच बाटलीतले पाणी २२, २२ आणि २७ मिलिमीटर असे वाचले. फलकावर २२ लिहून मोकळे होता येईल. नोंदवहीत मात्र तिन्ही आकडे राहिले पाहिजेत आणि खाली चर्चाही : सत्तावीस वाचणाऱ्याने डोळा पाण्याच्या पातळीच्या रेषेत ठेवला होता का? की त्याने शून्य खुणेऐवजी तळापासून मोजले? दुसऱ्या शाळेतील मूल विचारील, 'तुमची बाटली झाडाखाली तर नव्हती?' असा एक प्रश्न दहा शाबासक्यांहून मोलाचा आहे. चूक खोडून न टाकता तिच्याशेजारी तारखेसह दुरुस्ती लिहायची, ही प्रयोगशाळेतील शिस्त आहे. ब्लॉगमध्ये प्रत्येक नोंदीला दिनांक असतो आणि नोंदी क्रमाने राहतात. म्हणून ही शिस्त शिकवायला तो चांगला आहे. मोबाइलवरील गटांत आज देवघेव कितीतरी अधिक होते, पण तेथे कालचा मजकूर आजच्या शुभेच्छांखाली गाडला जातो. चार महिन्यांनी जूनची नोंद शोधायची म्हटली, तर सापडत नाही.

आज आणखी एक कारण जोडले पाहिजे. 'पावसाचे महत्त्व' या विषयावर निर्दोष निबंध आता यंत्र क्षणात लिहून देते. त्यामुळे माहिती गोळा करून सजवणे एवढेच वर्गाच्या लेखनाचे उद्दिष्ट असेल, तर ते लेखन मुलाने करण्याचे प्रयोजनच उरत नाही. पण काल आपल्या पटांगणात किती पाऊस पडला, हे बाटलीजवळ कोणी गेल्याशिवाय यंत्रालाही कळणार नाही. मुलाच्या लेखनाचे मोल तेथून सुरू होते.

मर्यादा आणि पथ्ये

शिक्षकांच्या अडचणी आम्ही जाणतो. एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात. ऑनलाइन कामांचा भार आधीच मोठा आहे, त्यात वाडीवस्तीवर जोडणी बेभरवशाची. म्हणून रोज टंकलेखन करू नये. रोजची नोंद मुलांनी जाड पुठ्ठ्याच्या वहीत करावी आणि आठवड्यातून एकदा त्या पानाचे छायाचित्र ब्लॉगवर चढवावे. मुलाच्या अक्षरातले, खाडाखोड असलेले पान आम्हाला टंकलिखित मजकुराहून अधिक विश्वसनीय वाटते. ज्यांच्या घरी मोबाइल नाही अशा मुलांच्या वाट्याला केवळ पाणी मोजणे आणि बाकीच्यांच्या वाट्याला लेखन, अशी विभागणी होऊ देऊ नये. कामे पाळीपाळीने बदलावीत.

मुलाचे पूर्ण नाव, चेहरा, घराचा पत्ता प्रसिद्ध करू नये. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि बालकाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक ठरवली आहे. नोंदीखाली 'सहावी, गट क्रमांक दोन' एवढे पुरते. पाऊस मोजायला चेहरा लागत नाही.

आणि जोडीदार शाळा मिळाल्याशिवाय ब्लॉग सुरूच करू नये, असे आम्ही सुचवू. सारे जग वाचेल या आशेवर लिहिलेले बहुधा कोणीच वाचत नाही. घाटाजवळची एक शाळा आणि दुष्काळी पट्ट्यातील एक शाळा, दोन शिक्षकांची ओळख आणि आठवड्याला एक उत्तर देण्याचे वचन एवढ्या भांडवलावर काम सुरू होऊ शकते. जोडणी नसेल, तर तेच पान पोस्टाने पाठवावे. मे महिन्यात दोन्ही शिक्षकांनी फोनवर बोलून घ्यावे आणि शाळा उघडताच पहिल्या आठवड्यात बाटल्या कापून शून्याच्या खुणा करून ठेवाव्यात. पहिला पाऊस मोजायचा राहून गेला, तर तो पुढच्या वर्षापर्यंत पुन्हा मिळत नाही.