जातिवंत ठोका

बंदरात नव्या धक्क्याचं काम निघालं की बघ्यांच्या नजरा क्रेनवर खिळतात आणि शिव्या मिळतात त्या पाइल, म्हणजे पायाचे खांब, जमिनीत ठोकणाऱ्या हॅमरला. आवाज, धूर, हादरे. आणि कर्तबगारी काय, तर डोक्यावर मारत राहायचं! हॅमरला असं रांगडं ठरवणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. नुसती ताकद पैसे मोजून मिळते. बघण्यासारखी असते ती ठोक्याची घडण.

ती पहिल्यांदा नीट ओळखली जेम्स नॅस्मिथने. १८४५ साली इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्टच्या नौदल गोदीत त्याचा वाफेचा हॅमर आला, तेव्हा तिथल्या जुन्या गड्यांनी हसतखेळत पैज लावली. ७० फूट लांबीचे, १८ इंच चौरस असे पाइलचे दोन सारखे सोट निवडले. नॅस्मिथचा सोट साडेचार मिनिटांत हव्या त्या खोलीला गेला. जुन्या पद्धतीला बारा तासांहून जास्त लागले. हकीकत त्याच्याच आत्मचरित्रातली आहे, तेव्हा थोडी बढाई वजा करा. तरी मुद्दा राहतोच. जुनी रीत अशी, की बेताचं वजन खूप उंच ओढायचं आणि सोडून द्यायचं. ते वेगाने आदळे, आणि बराचसा जोर सोटाचं डोकं चेचण्यात जाई. नॅस्मिथने गणित उलटं मांडलं. चार टनांचा ठोकळा, उंची थोडकी, आणि मिनिटाला ऐंशी ठोके. शिवाय सगळं यंत्र सोटाच्या खांद्यावरच बसवलेलं, म्हणजे सोट खाली जाईल तसं तेही खाली. जड आणि संथ वस्तू ढकलते, हलकी आणि वेगवान वस्तू फोडते, एवढंच त्याने ओळखलं होतं.

पण माझा जीव जडलाय तो डिझेल हॅमरवर. जर्मनीतल्या डेलमाग कंपनीने तो नावारूपाला आणला. डी-६२ म्हटलं की ६.२ टनांचा ठोकळा, डी-१०० म्हटलं की दहा टनांचा; नावातच वजन सांगून मोकळे. बाहेरून पाहिलं तर एक उभी नळी. ना बॉयलर, ना ठिणगी पाडणारा प्लग. क्रेनने ठोकळा एकदा वर उचलून सोडला की पुढचं तो स्वतः बघतो.

त्याचा एक ठोका सावकाश उलगडून पाहण्यासारखा आहे. ठोकळा खाली येताना नळीच्या बाजूची भोकं बंद करतो आणि खालची हवा कोंडली जाते. त्याच ओघात इंधनाच्या पंपाची दांडी दाबली जाते आणि ठरावीक डिझेल खालच्या ऐरणीवर पडतं. कोंडलेली हवा दबत जाते तशी ती ऐरण, पाइलच्या डोक्यावरचं हेल्मेट आणि पाइल यांना एकमेकांवर घट्ट बसवते. म्हणजे घाव पडायच्या आधीच पाइल दाबाखाली आलेला असतो, मधल्या फटी मिटलेल्या असतात. मग घाव. त्या आघाताने डिझेलचा फवारा उडतो, तापलेल्या हवेत पेटतो, आणि तो स्फोट पाइलला आणखी एक रेटा देऊन ठोकळ्याला वर भिरकावतो. दाब, घाव, रेटा. आपल्या कानाला मात्र सगळं मिळून एकच ‘धाड्’.

आता यातली खरी मजा. ठोकळा किती वर उडणार, हे बरंचसं जमीन ठरवते. खाली मऊ चिखल असेल तर पाइल सहज सरकतो, ठोकळ्याला उसळायला आधार मिळत नाही, उडी बुटकी पडते. कधी कधी हॅमर चक्क बंद पडतो आणि ऑपरेटर वैतागतो. थर कडक लागला की उडी वाढते. काँक्रीटच्या पाइलला मऊ मातीतला हा बुटक्या उडीचा संयम मानवतो. घावाची लाट काँक्रीटमधून सेकंदाला सुमारे चार हजार मीटर वेगाने जाते. ३० मीटरच्या पाइलमध्ये खाली जाऊन परत यायला सेकंदाचा जेमतेम सत्तरावा भाग. टोकाशी चिखल असेल तर दाबाची लाट ताण होऊन परतते, आणि ताण काँक्रीटला सोसत नाही, भेगा पडतात. म्हणूनच पाइलच्या डोक्यावर प्लायवूडची जाड उशी ठेवतात आणि सुरुवातीला हात राखून ठोकतात.

कान तयार असेल तर आकडेही ऐकू येतात. मिनिटाला ४० ठोके पडत असतील तर ठोकळा साधारण पावणेतीन मीटर उडतोय. ५० पडले तर उडी पावणेदोन मीटरवर आली. नवखा माणूस भराभर ठोके ऐकून खूश होतो. जाणकार वाट पाहतो ती लय विलंबित होण्याची.

लेखी पुरावा हवा असेल तर पेन्सिल आहे. शेवटच्या ठोक्यांच्या वेळी पाइलला कागद चिकटवतात. शेजारी एक आडवी फळी, पाइलला न टेकलेली. तिच्यावर हात टेकवून एक जण पेन्सिल कागदावर धरतो आणि आडवी सरकवत राहतो. प्रत्येक ठोक्याला कागदावर एक दाता उमटतो, कारण पाइल दबतो आणि थोडा परत वर येतो. जितका परत आला तितकी लवचीक उसळी. जो खालीच राहिला तो ‘सेट’. दाते उंच आणि सेट जवळजवळ शून्य, म्हणजे पाइल टेकला. डोक्यावर टनावारी लोखंड नाचत असताना हात न थरथरता ओढलेली ही रेघ मला कुठल्याही संगणकी आलेखाहून वाचनीय वाटते. चिकणमातीत एवढ्यावरही थांबत नाहीत. ठोकताना ढवळलेली माती काही दिवसांत पुन्हा पाइलला धरते, म्हणून नंतर चार ठोके मारून बघतात. हलवून खुंटा बळकट करणं म्हणजे अक्षरशः हेच.

पाइल थरथरवत खाली उतरवणाऱ्या व्हायब्रो हॅमरबद्दल मला तितकंसं प्रेम नाही. उलटसुलट फिरणाऱ्या, एका बाजूला जड असलेल्या वजनांच्या जोड्या आडवे धक्के एकमेकांत जिरवतात आणि उभे तेवढे शिल्लक ठेवतात, ही युक्ती सुरेख आहे. वाळूत तो लोण्यासारखा उतरतो, घट्ट चिकणमातीत मात्र नुसताच गुरगुरतो. आपल्या मुंबईत तर ठोकण्याची हौस फारशी भागतच नाही. चिखलाखाली बेसॉल्ट बसलेला. म्हणून वांद्रे-वरळी सागरी सेतू काय किंवा अटल सेतू काय, पाइल खडकात भोक पाडून ओतलेले.

आणि ठोक्याला सगळ्यात चोख उत्तर दिलं ते जपानमधल्या कोची गावच्या अकिओ कितामुरांनी. १९७५ साली त्यांच्या गिकेन कंपनीने बनवलेलं यंत्र ठोकतही नाही आणि हलवतही नाही. आधी रोवलेल्या पत्र्यांच्या पाइलांची डोकी ते पकडतं, त्यांच्या मातीतल्या पकडीचा आधार घेऊन पुढचा पाइल दाबत खाली नेतं, आणि मग त्याच्यावरच एक पाऊल पुढे सरकतं. अवाढव्य वजनाची गरज नाही. उरल्यासुरल्या अरुंद जागेत, नदीकाठच्या वस्तीला खेटूनही काम चालतं. अगदी पहिल्या पाइलांच्या वेळी मात्र धरायला काही नसतं, तेव्हा वजनं रचलेला तात्पुरता चौथरा लागतो. जमीन कशी आहे, हे तिथे दाबाचा काटा सांगतो. माझ्यासारख्या ठोक्याच्या शौकिनाला ऐकायला काही उरत नाही, पण शेजारच्या घरात दुपारची झोप काढणाऱ्याची त्याबद्दल तक्रार नसावी.